कोणाचा शब्द खरा मानायचा

नीतिशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांच्या हाती आधी एका खटल्याचे निकालपत्र देते आणि सिद्धान्ताकडे नंतर वळते. खटला १९७२ मधील आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीने केली होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची हकिगत खोटी आहे, असे म्हणून ती शिक्षा रद्द केली. हा भाग वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले, "पोलीस ठाण्यातच असलेल्या मुलीने मदतीसाठी हाक मारायची ती कोणाला?" त्या तासाला पुढे दुसरे काही शिकवणे मला योग्य वाटले नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये सविस्तर मांडलेली ज्ञानविषयक अन्यायाची संकल्पना इथे उपयोगी पडते. पूर्वग्रहामुळे एखादीच्या सांगण्याला कमी वजन दिले गेले, तर काही जाणणारी व्यक्ती म्हणून तिचे स्थानच नाकारले जाते, असे त्या म्हणतात. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय मुख्यतः ऐकणाऱ्याच्या सद्गुणाचा आहे. माझ्या संशोधनातील मतभेद नेमका इथे आहे. तीच साक्ष तीन न्यायालयांपुढे आली आणि तिचे भवितव्य प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यावर अवलंबून राहिले, हाच मला मूळ दोष वाटतो.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, अशी ही तरतूद आहे. स्त्रीच्या शब्दाचे वजन इथे न्यायाधीशाच्या मनोवृत्तीवर सोडलेले नाही, म्हणून मी या तरतुदीला संस्थात्मक न्यायाचे उत्तम उदाहरण मानते.

त्या मुलीच्या स्वतःच्या खटल्याचा निकाल मात्र कायम राहिला. कायदा बदलल्यानंतरही जिला खोटारडी ठरवले गेले तिला समाज काय देणे लागतो, या प्रश्नावर मी सध्या लिहीत आहे.