एक टिंब आणि अर्धा किलोमीटर: बार्टन क्रीकवर चाच्यांच्या खजिन्यामागे

आधी शब्दाचा घोळ मिटवते. क्रीक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी येते. खारं पाणी, तिवरं, भरती-ओहोटी. टेक्सासात क्रीक म्हणजे चक्क ओढा. ऑस्टिन शहराच्या पोटातून असाच एक ओढा वाहतो, बार्टन क्रीक. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मधे गोटे, झाडी आणि कधी असणारं, कधी नसणारं पाणी. त्याच्या काठाने झिल्कर पार्कपर्यंत सुमारे 12 किलोमीटरची पायवाट आहे, तिला ग्रीनबेल्ट म्हणतात. परवा एप्रिलच्या एका शनिवारी आम्ही पाच जण तिथे खजिना शोधायला गेलो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि वाईहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई.

जिओकॅशिंग, म्हणजे हा खजिना शोधायचा खेळ, ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा लपवतं (त्यालाच कॅश म्हणतात), त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, बाकीचे जीपीएस घेऊन शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. मे 2000 मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, 3 मे रोजी, ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि खेळ सुरू झाला.

आमची कॅश मल्टी प्रकारातली. म्हणजे एका ठिकाणच्या कागदावर पुढच्या ठिकाणाचे आकडे, असे पाच मुक्काम. कॅशचं नाव आणि नेमक्या जागा मी मुद्दाम देत नाही, नाहीतर शोधणाऱ्यांची मजा जाईल. अवघडपणा 3, वाट 3.5. हे गुण 1 ते 5 असतात आणि वाटेला 5 म्हणजे होडी नाहीतर दोर लागणारच. साडेतीन म्हणजे लहान मुलांना झेपेल, पण कुरकुर होईल. वेळ चार-पाच तास लिहिला होता. आम्हाला साडेसात लागले आणि त्याचं कारण पुढे येईलच.

डबा लपवणाऱ्याने गोष्ट झकास रचली होती. ज्याँ लफीत नावाच्या चाच्याचा 1817 ते 1821 गॅल्व्हस्टन बेटावर अड्डा होता, हे खरं. त्याच्या पुरलेल्या सोन्याच्या वावड्या टेक्सासच्या किनाऱ्यावर अजून उठतात. इथली गोष्ट अशी की त्याचा एक खलाशी पेटी घेऊन पळाला, कोलोरॅडो नदीने वर आला आणि या ओढ्यात शिरला. गॅल्व्हस्टन इथून साडेतीनशे किलोमीटर लांब, म्हणजे निव्वळ थाप. पण प्रत्येक कागदावर त्या खलाशाचं पत्र, कडा जाळलेल्या, चहात बुडवून पिवळा केलेला कागद. मुलांनी एका अक्षरावर शंका घेतली नाही.

सकाळी आठला हिल ऑफ लाइफ या वरच्या टोकाला पोचलो. गाड्या वस्तीतल्या रस्त्याच्या कडेला लावाव्या लागतात आणि नऊनंतर जागा मिळत नाही. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. संडास आम्हाला कुठे दिसला नाही, तेव्हा घरूनच आटपून या. सुरुवातीलाच एकदम खडा, सुट्या दगडांचा उतार आहे. मला सासूबाईंची काळजी होती. त्या म्हणाल्या, “मांढरदेव चढलेय मी, हे काय गं!” आणि काठी टेकत माझ्या आधी खाली.

पहिला कागद सोपा होता. सीडारच्या फांदीत लटकवलेली करंगळीएवढी धातूची नळी. सूचना सांकेतिक लिपीत होती. इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवायची, ए च्या जागी एन. लेकीने ती वहीत स्वतः सोडवली, मला हात लावू दिला नाही.

तिथेच एक प्रसंग टळला. नळीच्या झाडावर चढलेल्या वेलीकडे सासूबाईंचा हात गेला. “बेल आहे की काय इथे?” तीन-तीन पानांचा चकचकीत जुडगा, दिसायला खरंच बिल्वदलासारखा. तो होता पॉयझन आयव्ही. त्याच्या चिकाने अंगाला जी आग-खाज सुटते ती आठवडा-दोन आठवडे जात नाही, आणि चीक कपड्यांना, बुटांना, कुत्र्याच्या केसांना लागून घरात येतो. वाटेवर तो जागोजागी आहे, जमिनीवरही आणि झाडांवरही. पूर्ण बाह्या आणि लांब पँट हवीच. लागलाच तर लगेच साबणाने, गार पाण्याने चोळून धुवा. आम्ही एका बाटलीत साबणाचं पाणी नेलं होतं, ते धाकट्याच्या पोटरीसाठी वापरलं.

दुसरा मुक्काम स्कल्प्चर फॉल्सच्या आसपास. पाण्याने चुनखडी अशी गुळगुळीत कोरलीय की मोठमोठे रांजण आणि पाट एकमेकांत ओतल्यासारखे दिसतात. इथे पोहणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून कॅशवाल्यांची खरी कसरत इथेच. न खेळणाऱ्यांना आम्ही मगल म्हणतो, आणि त्यांच्या देखत डबा काढायचा नसतो. नवऱ्याने बुटाची नाडी बांधायचं नाटक चार वेळा केलं. पाचव्या वेळी एका बाईंनी काळजीने विचारलं, पाय मुरगळलाय का. बाजूच्या ओल्या दगडांवर शेवाळ आहे. सँडल, क्रॉक्स काही टिकत नाही. भिजले तरी चालतील असे, खाली दात असलेले बूट घाला. काचेच्या बाटल्या आणि थर्मोकोल इथे न्यायला बंदी आहे.

खाऊन निघालो तेव्हा धाकट्याने विचारलं, चाचे वाईट असतात का? मी सांगणार तोच सासूबाई म्हणाल्या, “कोण म्हणतंय त्यावर आहे.” मग चालता चालता त्यांनी कान्होजी आंग्रे काढले. मराठी आरमाराचे सरखेल, त्यांचा दस्तक नसेल तर जहाज अडवणार. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागवर चालून आले आणि हात हलवत परत गेले. पोरं गप्प. मग लेक म्हणाली, “म्हणजे लफीतला पण इथले लोक वेगवेगळं म्हणत असतील.” असतील. हा माणूस गुलामांचा व्यापारही करायचा, हे मात्र मी तिला तिथेच सांगितलं. चॉकलेटची नाणी वाटणारा चाचा मला तेवढा गोड वाटत नाही.

आता वाट चुकून गेलेला तो दीड तास. दुसऱ्या कागदातून निघालेले आकडे माझ्या फोनमध्ये मीच घातले, तेव्हा दोष पूर्ण माझा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. समजा 30 अंश 15.420 मिनिटं. यातलं 15.420 म्हणजे 15 मिनिटं आणि 25.2 सेकंद. मी घाईत नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ते 15 मिनिटं 42 सेकंद असं घातलं. एका टिंबाचा अर्थ चुकला की सोळा-सतरा सेकंदांचा फरक, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास 31 मीटर. झाले पाचशेच्या वर मीटर, थेट उत्तरेला. बाणाच्या मागे आम्ही एका आडवाटेने कडा चढलो, झाडीत ओरखडे काढून घेतले आणि एका घराच्या मागच्या कुंपणापाशी येऊन थडकलो. आत एक आजोबा झाडांना पाणी घालत होते. आम्हाला, आमच्या काठ्यांना आणि धाकट्याच्या डोळ्यावरच्या काळ्या पट्टीला बघून ते एवढंच म्हणाले, “पायरेट्स?” आणि पाइपाचं तोंड खाली दरीकडे वळवलं. आम्ही पहिले नव्हतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

म्हणून सांगते, आकडे नेहमी कॅशिंगच्या अ‍ॅपमध्येच घाला आणि घातल्यावर अंतर बघा. पुढचा मुक्काम ओढ्याची वाट सोडून कुणाच्या परसात दिसत असेल तर तुमचंच चुकलंय. नकाशा आधीच उतरवून ठेवा, कड्यांमधे रेंज जाते. कागदावर काही वेळा आकड्यांची बेरीज तपासायला दिलेली असते. आमच्याही होती. मी ती बघितली नाही.

तिसरा कागद खाली उतरल्यावर दहा मिनिटांत मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्याचं कोडं मात्र सुंदर होतं: जिथे ओढा जमिनीत बुडतो तिथे समोरच्या काठावर ये. मला वाटलं काव्य आहे. ते शब्दशः खरं निघालं. ट्विन फॉल्सच्या खाली आम्ही चालत राहिलो आणि पोटरीपर्यंतचं पाणी घोट्यापर्यंत आलं, मग नुसती डबकी, मग कोरडे पांढरे गोटे. आटायचे दिवस नाहीत, तरी ओढा गायब. इथली चुनखडी भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेली आहे. पाणी त्यातून खालच्या एडवर्ड्‌स जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरात, उतरतं आणि पुढे झिल्कर पार्कात बार्टन स्प्रिंग्जला झऱ्यातून वर येतं. एका डबक्याच्या काठाशी धाकटा पालथा पडून कान लावून बसला. खरंच, दगडाच्या फटीत बारीक गुळगुळ ऐकू येत होती. नवऱ्याने एक वाळकं पान टाकलं, ते गोल फिरलं आणि फटीपाशी अडकलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वरच्या टोकाला पाणी आहे म्हणून खाली पोहायला मिळेल असं नाही, आणि खाली कोरडं आहे म्हणून वर ओलांडणं सोपं असेल असंही नाही. निघण्याआधी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर बार्टन क्रीकचा प्रवाह बघा, रोजचे आकडे असतात. आणि पाऊस? वरच्या डोंगराळ भागात पाऊस झाला की इथे कोरड्या ओढ्यात लोंढा येतो, डोक्यावर ऊन असतानाही. वादळाचा इशारा असेल तर खजिना तिथेच राहू दे. कोकणातल्या माणसाला व्हाळाचं पाणी कसं येतं हे सांगावं लागत नाही, पण इथे आल्यावर आपण ते विसरतो.

पाचवा मुक्काम एका कपारीत. कडा अगदी जवळ, त्यामुळे उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून येतो आणि बाण वेड्यासारखा फिरतो. कधी बारा मीटर डावीकडे, कधी नऊ मीटर मागे. आम्ही वीस मिनिटं त्या बाणाच्या तालावर नाचलो. मोकळ्या जागीही फोन तीन-पाच मीटरच्या आत फारसा येत नाही, तेव्हा जवळ पोचलात की फोन खिशात घाला आणि लपवणाऱ्याच्या डोक्याने बघा. कॅश पुरायची नाही असा नियम आहे, त्यामुळे खणत बसू नका. आणि भोकात, कपारीत हात घालण्याआधी काठी घाला. इथे कॉपरहेड आणि रॅटलस्नेक साप आहेत, ब्लॅक विडो कोळी आहेत. आमच्याकडे काठीला चिकटपट्टीने बांधलेला छोटा आरसा होता. पन्नास रुपयांची युक्ती, पण फार कामाची.

तरी सापडेना. सासूबाई समोरच्या दगडावर बसून पाणी पीत होत्या. म्हणाल्या, “तो धोंडा उलटा आहे.”

कुठला? रांगेत दहा-बारा होते. सगळ्यांच्या माथ्यावर काळपट दगडफूल, एकाचा माथा पांढराफटक आणि दगडफुलाची बाजू खाली. दहा वेळा बघूनही आम्हा कुणाला दिसलं नव्हतं. “बांधावरचा दगड कुणी रात्रीत हलवला तर सकाळी कळायला नको?” त्या म्हणाल्या. वाईच्या रानात चुलत दिरांशी चाळीस वर्षं बांधावरून भांडलेली बाई आहे ती.

दगडामागे लष्करी काडतुसांची लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात कवटी. झाकण करकरत उघडलं तेव्हा धाकट्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही. आत वही, प्लास्टिकची सोनेरी नाणी, मण्यांच्या माळा, एक गंजकी किल्ली. नियम असा की काही घेतलंत तर त्याच तोलाचं काही ठेवायचं, आणि खाण्याचा पदार्थ कधीच नाही, मुंग्या आणि रकून पेटी फोडतात. लेकीने सावंतवाडीचा लाकडी भोवरा ठेवला, दोन नाणी घेतली. वहीत आम्ही देवनागरीत सह्या केल्या. सासूबाईंनी तारीख घालून पूर्ण नाव लिहिलं, सात-बारावर लिहितात तसं. स्वतःचं पेन न्या, आतलं चालत नव्हतं.

परतीचं नियोजन आमचं फसलं. पेटी मिळाली तिथून गाडीपर्यंत तीच वाट उलटी आणि शेवटी तो उतार, आता चढ. मुलांनी साफ नकार दिला. मग गस फ्रू या वाटेवरच्या खालच्या प्रवेशाच्या बाजूने बाहेर पडून चिखलाने माखलेल्या अवस्थेत टॅक्सी बोलावली. चालकाने सीटवर आधी वर्तमानपत्र पसरलं, मग आम्हाला बसू दिलं. दोन गाड्या असतील तर एक सकाळीच गस फ्रूला लावून या. माणशी तीन लिटर पाणी न्या, आमचं दोन लिटर तिसऱ्या कागदालाच संपत आलं होतं. जून ते सप्टेंबर मुलांना घेऊन जाऊ नका, ऊन सोसत नाही. फेब्रुवारी ते मे उत्तम. संध्याकाळी बार्टन स्प्रिंग्जमध्ये डुंबायचा बेत असेल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी तळ्याची सफाई असते. पाणी बारा महिने 20-21 अंश, पहिल्या उडीला किंकाळी ठरलेली.

पेटीत एक ट्रॅव्हल बग होता. धातूचा बिल्ला, त्यावर क्रमांक, सोबत चिमुकलं गलबत. त्याच्या मालकाची इच्छा लिहिली होती: याला लांबचा समुद्र दाखवा. असा बग आपल्याकडे ठेवायचा नसतो, पुढच्या कॅशमध्ये सोडायचा आणि नोंद करायची. सासूबाई जूनमध्ये परत जातायत. गलबत सध्या त्यांच्या बॅगेत आहे, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात, रुमालात गुंडाळून. पुण्यात कॅश आहेत, तिथे सोडता येईल, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, पुण्यात कुठला आलाय समुद्र, आधी अलिबागला नेऊन कुलाबा दाखवते आणि मग सोडते.