इरिओमोते: आधी बंदर, मग मुक्काम

जपानच्या ओकिनावा प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाशी, तैवानच्या जवळ असलेल्या इरिओमोते बेटावर विमानतळ नाही. टोकियोच्या हानेदाहून सुमारे तीन तासांत, किंवा ओकिनावाची राजधानी नाहाहून तासाभरात, शेजारच्या इशिगाकी बेटावर विमानाने पोहोचायचे आणि तेथील धक्क्यावरून बोट धरायची. मात्र इरिओमोतेला दोन बंदरे आहेत, दक्षिणेला ओहारा आणि उत्तरेला उएहारा, आणि या भेदाकडे आम्ही नोव्हेंबरअखेरच्या प्रवासाची आखणी करताना दुर्लक्ष केले.

आमचा मुक्काम उएहाराजवळ होता. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहाराची बोट वारंवार रद्द होते, हे सकाळी तिकीट खिडकीवर कळले. अशा वेळी ओहाराला उतरायचे आणि तेथून बोटकंपनीच्या बसने उत्तरेला जायचे असते. आम्हीही तसेच गेलो, पण अर्धा दिवस हातचा गेला आणि त्या दुपारी ठरवलेली पिनाइसारा धबधब्याखालची कयाक सफर हुकली. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात पोहोचण्याच्या दिवशी काहीही आरक्षित करू नये आणि परतीचे विमान शक्यतो बेट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. उन्हाळ्यात वाऱ्याऐवजी वादळांचा विचार करावा लागतो, तर मे-जूनमध्ये पावसाळा असतो.

बेटाचा सुमारे नव्वद टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे. 2021 मध्ये त्याला जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. पिनाइसारासारख्या ठिकाणी आता दररोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने मार्गदर्शकाचे आरक्षण आधीच करावे. उराउची नदीवर मात्र बोटीने वरपर्यंत जाता येते आणि पुढे पायवाटेने मारियुदो व कानपिरे हे धबधबे गाठता येतात. चिखलात घसरणार नाहीत असे बूट हवेत. नाकामा नदीच्या दोन्ही काठांची खारफुटी पाहताना कोकणातल्या खाड्या आठवतात, किनाऱ्यावरची काटेरी पानांची झाडे तर केवड्याच्याच कुळातली आहेत. या नदीवरील बोटींच्या वेळा भरती-ओहोटीनुसार बदलतात, त्यामुळे त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

भाड्याची मोटार घेतल्यास भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालतो आणि गाडीही डावीकडूनच चालवायची असते. वेग मात्र खरोखरच कमी ठेवावा. जगात फक्त या बेटावर आढळणारे, अंदाजे शंभरच उरलेले इरिओमोते रानमांजर रात्री रस्त्यावर येते आणि वाहनांखाली मरते. आम्हाला ते दिसले नाही, त्याची इशारा देणारी पिवळी पाटी मात्र पावलोपावली दिसली. रस्ता बेटाला पूर्ण वळसा घालत नाही, पश्चिमेला शिराहामाला संपतो. पलीकडच्या फुनाउकी गावी बोटीनेच जावे लागते.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट गृहीत धरू नये. नुसत्या भाज्यांचे दिसणारे सूपही बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या अर्कावर केलेले असते. आम्ही निवासाच्या मालकीणबाईंना आठवडाभर आधी जपानीत लिहून कळवले होते, म्हणून भात, टोफू आणि कारल्याची परतलेली भाजी मिळाली. तरीही थेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती हे बरे झाले. रोख येन इशिगाकीतच काढून घ्यावेत.