चावायचे दिवस आम्ही कोल्हापुरातच संपवतो

नवी कोल्हापुरी चावते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक चप्पल लाइनवरून, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारातून, जोड घेतं, घरी जाऊन तेल पाजतं, चार दिवस करंगळीला पट्टी चिकटवून फिरतं आणि पंधरा दिवसांत चप्पल त्याच्या पायाची होते. 2017 साली जर्मनीला पहिले जोड पाठवले तेव्हा ही गोष्ट कुठं लिहून द्यावी असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

धंदा घरचा. आबा कापतात आणि शिवतात, मी आणि धाकटा भाऊ तळ बांधतो, आई आणि काकू वरच्या पट्ट्यावरची कातड्याची वेणी घालतात. चुलतभाऊ नोकरीनिमित्त श्टुटगार्टला. वहिनींनी तिथल्या उन्हाळी बाजारात वीस-पंचवीस जोड हातोहात विकले, मग एक छोटं ऑनलाइन दुकान काढलं. बाजारात खपलेला माल ऑनलाइन मात्र परत यायला लागला. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत, कारण न सांगता परत करायचा हक्क गिऱ्हाइकाला कायद्यानंच आहे. आमची चप्पल मऊ व्हायला पंधरा दिवस, परत करायला चौदा! एका जोडाबरोबर चिठ्ठी होती : चालताना आवाज येतो, तळ सुटला असावा. आबांनी ज्या करकरीसाठी जीव ओतला होता, ती तिथं मोडतोड ठरली. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

त्यानंतर बदल केले, पण दिसण्यात नाही. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘भावजी, रंग-गोंडे आहेत तसेच राहू देत, लोक त्यासाठीच घेतात.’ बदलली ती वापराची सुरुवात. चपलेच्या बाजूच्या कानाची आतली कड रापीनं, म्हणजे कातडं तासायच्या सुरीनं, पातळ करून गोल वळवायची, पायाचा अंगठा अडकतो त्या वेढ्याचं कातडं लाकडी मोगरीनं ठोकून नरम करायचं, तेलाचे दोन हात द्यायचे आणि दोन रात्री जोड पायाच्या लाकडी साच्यावर चढवून ठेवायचा. जे काम गिऱ्हाइकाचा पाय करायचा ते आता आम्ही करतो. जोडामागं वेळ वाढला, दिवसाचे जोड कमी झाले, किंमत वाढवावी लागली. परत येणारा माल मात्र एवढा घटला की हिशोब जमला. तळाला दोन मिलिमीटर रबरही आलं, कारण पाऊस पडलेल्या दगडी फरशीवर चामड्याचा तळ सरकतो.

नंबराचा घोळ वेगळाच. आपले नंबर इंग्रजी मापाचे, एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटर. तिकडच्या मापात एका नंबरात पावणेसात. 38 म्हणजे आपला पाच की साडेपाच, यावर आमच्यात भांडणं व्हायची. कोष्टकं बघून काही जमलं नाही. शेवटी 36 ते 45 चे नवे नमुने पुठ्ठ्यावर कापले, तेव्हा निस्तरलं.

सगळ्यात मोठा फटका क्रोमचा, म्हणजे कातडं कमवायला वापरतात त्या क्रोमियमच्या क्षारांचा. आमचं म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यामुळं त्याबद्दल आम्ही निर्धास्त होतो. युरोपात 2015 पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं घातक रूप, किलोला 3 मिलिग्रॅमच्या खाली असावं लागतं. तपासणीत तळ पास झाला, वेणी नापास! वेणीचं शेळीचं कातडं आम्ही तयार घ्यायचो, ते क्रोममध्ये कमावलेलं. विकणारा म्हणाला, माझ्याकडं पासाचा कागद आहे. कागद खराही असेल. पण क्रोममध्ये कमावलेलं कातडं उष्णतेत, कोरड्या हवेत पडून राहिलं की साधं क्रोमियम या घातक रूपात बदलू शकतं, हे आम्हाला त्या अहवालानंतर कळलं. तो सगळा माल इथंच कमी भावात काढला. आता वेणीचं कातडंही सालीत कमावलेलंच घेतो. रंग थोडे फिके बसतात. काकू अजून कुरकुरतात.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माल पाठवला तो बुरशी घेऊन पोचला. पावसाळ्यात कोल्हापुरात कातडं वाळतच नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून डोळेझाक केली. कुणीतरी खोक्यात बुरशी रोखणाऱ्या पुड्या टाकायला सांगितल्या होत्या. वहिनींनी आधी विचारलं, त्यात काय आहे? डायमिथाइल फ्युमरेट नावाचं बुरशीनाशक निघालं, आणि ते युरोपात 2009 पासून बंद. वाचलो. आता तिकडचा माल दिवाळीनंतर धरतो आणि फेब्रुवारीच्या आत खोकी भरतो. यात एक सोय झाली : गणपती-दिवाळीचा इथला हंगाम मोकळा राहतो. पैसे मात्र मे-जूनशिवाय येत नाहीत. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली आणि हा ताण आणखी वाढला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचीही तिथं नोंदणी लागते, ते वहिनी बघतात. एक चिन्हांचं लेबल मात्र आबांच्या मनाला लागलं. वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा, हे चित्रांनी दाखवायचं. चामड्याला कातड्याच्या आकाराचं चित्र, ‘इतर’ मालाला टोकावर उभा चौकोन. जमिनीला टेकणारा भाग रबराचा म्हणून तिथं चौकोन आला. ‘वर तीन थर चामडं हाय की रं,’ एवढंच म्हणाले. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. रबर लावलेल्या जोडावर आम्ही ते नाव टाकत नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे, आबा अडवतात म्हणून.

तिकडच्या मराठी घरांतून गणपतीच्या आधी फोन येतात : रबर नको, करकर हवी, चावली तर चावू दे. ते जोड आबा स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

सध्या हिवाळ्याचं काम चाललंय. जर्मन माणूस घरातही चप्पल घालतो, पण पायात जाड मोजे असतात, आणि मोज्यात अंगठा अडकत नाही. म्हणून अंगठ्याचा वेढा नसलेला, रुंद पट्ट्याचा एक नमुना केला. आबांनी हातात घेतला, उलटा केला, शिवण ओढून बघितली. ‘चप्पल चांगली हाय,’ म्हणाले, ‘पर ही कोल्हापुरी न्हवं.’ वेगळ्या नावानं विकायचं ठरलंय. नाव अजून सुचलेलं नाही.