खाजवून खरूज

बाबांच्या जुन्या निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यातून समोरच्या भिंतीकडे पाहिलं तर भिंतीवर काळे ठिपके. भिंत दिवाळीतच रंगवलेली, म्हणजे ठिपके कॅमेऱ्यातच होते. लेन्स काढून आत बोट घातलं (घालायचं नसतं) तर बोटाला डांबर लागलं.

फोटो काढताना लेन्समागचा आरसा वर उडून ज्या फोमच्या पट्टीवर टेकतो, तिचा तो चिकटा. हा पॉलियुरेथेनचा फोम उष्णतेनं आणि दमट हवेनं कुजतो. नागपुरात त्याची दोन्हीकडून सोय. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, आणि त्यावर उतारा म्हणून रात्रंदिवस कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा आपल्याला स्वर्ग वाटते; कपाटातल्या कॅमेऱ्याला कोण विचारतो?

फोमच्या शेजारीच फोकसिंग स्क्रीन असते. टपाल तिकिटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यावर एकात एक वर्तुळांच्या बारीक खोबणी. आरशावरून आलेलं चित्र तिच्यावर उमटतं आणि पेंटाप्रिझम ते सरळ करून डोळ्यापर्यंत आणतो. मी रुमालानं पुसलं. ठिपक्यांचे ढग झाले. अजून जोर लावला. मग बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरकडे हात जाणार होता, पण त्याआधी सीताबर्डीच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याला विचारायची बुद्धी झाली.

"काऊन घासून राहिले भाऊ? प्लास्टिक हाय ते, काच नाही. रिमूव्हरनं विरघळून जाईल."

त्यानं सांगितलं तसं केलं. आधी कुजका फोम लाकडी काडीनं खरवडून काढला, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. आतला खटका दाबून स्क्रीन खाली सोडली, चिमट्यानं कडेला धरली आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून बुडवून ठेवली. मऊ ब्रशनं हलकेच फिरवलं. शेवटची आंघोळ इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यानं, कारण नळाच्या पाण्याचे डाग पडले असते तर पुन्हा पहिलं पान. ब्लोअरनं वाळवली. काळं सगळं गेलं. रुमालानं ओढलेली एक रेघ तेवढी राहिली, आडवी, बरोब्बर मधोमध.

बाबांना सगळं सांगितलं. रेघ सोडून.

"ठिपके काय, मला कधीचेच दिसत होते," ते म्हणाले. "फोटोत कुठं येतात ते? बटण दाबलं की आरसा वर जातो, उजेड थेट फिल्मवर. मग कशाला हात लावायचा?"

खरंच, अल्बममधल्या एकाही फोटोत ठिपका नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत पाहायला गेलो, म्हणजे सगळी इडापीडा जिच्या माथी मारून मिरवणुकीनं नेतात ती बाहुली. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत"चा गलका चालू होता. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस केला, आणि डोळा न काढताच विचारलं, "ही रेघ कुठून आली रे?"

मी मारबतीकडे बोट दाखवलं.