मूकपटांची फेरी : वेग, कीटन आणि कृष्ण

मंडळी, निपाणीत झड लागली की दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे बघायच्या मूकपटांची यादी बरीच पुढं सरकली.

आधी कामाचं सांगतो. मूकपट बहुतेक हातानं हँडल फिरवून, सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटींनी (फ्रेम्सनी) टिपलेले. तेच बोलपटांच्या वेगानं, सेकंदाला २४ चौकटींनी, चालवले की माणसं तुरूतुरू पळतात, आणि आपण नाव ठेवतो अभिनयाला. यूट्यूबवर वेग ०.७५ करून बघा, १८ चा हिशेब जमतो. मात्र आधी रस्त्यावरची माणसं न्याहाळा. ती नीट चालत असतील तर प्रत दुरुस्त केलेली आहे, हात लावू नका. वर चिकटवलेला पियानो खुशाल बंद करा.

मूकपटांतले दोन विनोदवीर, चॅप्लिन की बस्टर कीटन? मी आता कीटनकडे. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर कोसळते आणि हा पठ्ठ्या माडीच्या उघड्या खिडकीतून बरोब्बर सुटतो. भिंत खरी, माणूस खरा, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. चॅप्लिन रडवतो, आणि रडवतोय हे आपल्याला कळत राहतं. (‘सिटी लाइट्स’चा शेवट सोडून. तिथं माझं काही चालत नाही.)

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र घरातल्यांना घेऊन बघा. समोरच्या कानडी अज्जीही आल्या होत्या. एरवी मराठी मालिका लागली की त्यांना निम्मं समजावून सांगावं लागतं. या वेळी त्याच आम्हाला सांगत होत्या. सुरुवातीला कृष्ण नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवतो, तेवढ्यातच त्या म्हणाल्या, “हा कृष्ण कुठला, हुडगी हाय की ही!” बरोबर. ती फाळक्यांची मुलगी, मंदाकिनी.

कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांच्या मूकपटांचं दुखणं वेगळंच. कोल्हापूर इथून तासाभरावर, पण त्यांचा मूक ‘सावकारी पाश’ (१९२५) बघायला मिळत नाही. वर्णनं वाचून समाधान मानायचं.

मग बोलपटांकडे वळलो, आणि ‘कुंकू’पाशी (१९३७) अडकलो. पार्श्वसंगीत नाहीच, घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, बस्स. शांता आपटे गप्प बसते तेव्हा जास्त बोलते. तिच्याशी लग्न करणाऱ्या म्हाताऱ्याचा, म्हणजे केशवराव दात्यांचा, राग यायला हवा, तो येतो, आणि मग कीवही येते. मूकपटांची एवढी रांग लावल्यावर हे कसब जास्त दिसलं. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी परत बघा, हेडफोन लावून.