भरलेला कॅन आणि चुकलेला ओळंबा

माणसे रेखाटण्याबद्दलच्या मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की, भार एकाच पायावर असेल तेव्हा गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेषा, त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो, आणि हे सांभाळले की आकृती पडत नाही. आकृती पडत नाही हे खरे. परंतु नाशिकच्या रामकुंडावर पाच लिटरचा कॅन भरून पायऱ्या चढणाऱ्यांची चाळीसेक रेखाटने जमिनीवर मांडली, तेव्हा एकाच्याही हातातला कॅन भरलेला वाटेना.

तीन आठवडे मी दोष हातातच शोधत होतो. दंड ताणला, बोटे आवळली, ६बी पेन्सिल दाबून कॅन गडद केला. तो काळा झाला, जड झाला नाही. (त्यातच एका दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेला गुळगुळीत कागद ग्रॅफाइट धरत नव्हता. घाटावर साधा न्यूजप्रिंटच बरा.) शेवटी घरी उजव्या हातात भरलेली बादली घेऊन आरशासमोर एका पायावर उभा राहिलो, आणि चूक उमगली. हातातले पाच किलो पाणीही तोलाच्या हिशेबात धरायला हवे होते. शरीर आणि कॅन यांचा एकत्रित भार पावलावर यायचा, तर धड डावीकडे झुकते, खळगी पावलाच्या डावीकडे सरकते आणि मोकळा हात अंगापासून दूर जातो. मी मात्र खळगी इमानाने घोट्यावर आणून प्रत्येकाचा कॅन रिकामा करत होतो.

आज सकाळी वीस-वीस सेकंदांची सात रेखाटने केली. तीन जमली, त्यांतल्या एकात तर कॅन म्हणजे नुसत्या दोन रेषा आहेत, छटा अजिबात नाही, तरी खांदा ओढला गेलेला दिसतो. ते पान मी दिवसभरात कितीदा उघडले, हे सांगत नाही.

पुढे मल्लखांब रेखाटायला घेणार होतो. पण हे लिहिताना लक्षात आले की मी सगळे चढणारेच काढले आहेत. उतरताना भार बराच वेळ मागच्या, वाकलेल्या पायावर राहतो आणि पुढचे पाऊल चवड्याने पायरी शोधते, तेथे झुकाव निराळा असणार. हालचालींची छायाचित्रे टिपणारे छायाचित्रकार मायब्रिज यांच्या १८८७ च्या छायाचित्रसंचात एकच हालचाल बाजूने आणि समोरून किंवा मागून टिपलेली आहे, ती पाने आधी पाहीन. मग बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात दोन्ही हातांत कमी-अधिक वजनाच्या पिशव्या घेतलेली माणसे काढीन. मल्लखांब तूर्त लांबणीवर.