सूट नको, सुनावणी हवी

मंगळवार, १० डिसेंबर २०२४

वेगाच्या चलनावरून मी कोर्टात उभी राहिले, हे घरात अजून कुणाला पटलेलं नाही. दादाचं म्हणणं सरळ आहे. दंड दोन हजारांचा, येत्या शनिवारी राष्ट्रीय लोकअदालत आहे, तिथे जा, कमी करून घे, मोकळी हो. आईला तर कोर्ट या शब्दाचीच धास्ती वाटते. मला मात्र आज तिथून बाहेर पडताना फार दिवसांनी बरं वाटलं, म्हणून निजण्याआधी सगळं लिहून ठेवते आहे.

गोष्ट जुलैमधली. बहिणीकडून परत येत होते. गाव सुरू होतं तिथे रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पाऊस नुकताच थांबला होता. वळण संपल्यावर पोलिसांची गाडी उभी होती आणि तिच्यावर स्पीडगन. मला कुणी थांबवलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला. माझा वेग ताशी ६३, तिथली मर्यादा ४०.

४०? त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं जाते, तिथे ४०ची पाटी कधी पाहिल्याचं आठवेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. पाटी होती, पण कुणा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स तिच्याच खांबाला सुतळीने बांधला होता. चारचाकीच्या खिडकीतून बघाल तर फक्त हसरे चेहरे दिसत होते. गाडीतून, रस्त्याच्या कडेने, जवळून, लांबून असे फोटो काढले. पाटीपासून पुढे थोड्याच अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि मुलं रस्ता ओलांडूनच जातात. म्हणजे ४०ची मर्यादा तिथे हवीच. त्याबद्दल माझं तिळभरही दुमत नाही. राग याचा आला की ज्या पाटीने त्या मुलांना सांभाळायचं, तीच झाकली गेली होती, आणि ती उघडी करण्याऐवजी पुढे सापळा लावून पावत्या फाडल्या जात होत्या.

महाट्रॅफिक ॲपवर तक्रार केली, फोटो जोडले. काही दिवसांनी ती फेटाळल्याचं दिसलं. कारण एका ओळीचं, आणि त्या ओळीत पाटीचा उल्लेखच नव्हता. मग मी कायदा वाचायला बसले. मी वकील नाही, पण मोटार वाहन कायदा, १९८८ हा वाचून समजणार नाही असा मुळीच नाही. कलम ११२ म्हणतं की एखाद्या रस्त्यापुरती वेगळी वेगमर्यादा ठरवायची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि योग्य जागी तशी पाटीही लावलेली हवी. नुसता कागद पुरत नाही. वेगाच्या गुन्ह्याचं कलम १८३. त्यातही एक गोष्ट मला फार मोलाची वाटली: 'गाडी जोरात होती असं मला वाटलं' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी धरता येत नाही, ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं हवं. आणि यंत्राचं काय? त्यासाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. स्पीडगन असो की कॅमेरा, त्याला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. अशी यंत्रं जिथे वापरतात तिथे आधी ठळक सूचनाफलक हवा. चलनासोबत गाडीच्या नंबरसह स्पष्ट फोटो हवा, मोजलेला वेग, जागा, वेळ हवी, आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत धाडायला हवी. हे सगळं नागरिकाच्या बाजूने लिहून ठेवलेलं आहे. मागितलं तरच मिळतं, एवढंच.

लोकअदालतीत मी का जात नाही, हे दादाला परत परत सांगितलं. तिथे तडजोड होते. तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. तुमचं बरोबर की पोलिसांचं, हा प्रश्न तिथे कुणी ठरवत नाही. तडजोड झाली नाही तर प्रकरण परत न्यायालयाकडे जातं. ज्यांना रक्कमच कमी करून हवी आहे त्यांच्यासाठी ती सोय फार चांगली आहे. मला त्या पाटीचा निकाल हवा होता.

आज सकाळी अकराच्या आधीच पोचले. बोर्डावर आपला क्रमांक शोधायला गर्दी. बाकावर शेजारी एक टेम्पोवाले दादा बसले होते, हातात चलनांचा अख्खा गठ्ठा. बहुतेक द्रुतगती मार्गावरची, तिथे जुलैपासून नवे कॅमेरे लागलेत ना. त्यांतली निदान दोन चुकीची आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. एका फोटोत तर गाडीच त्यांची नाही, नंबर वाचताना एक आकडा चुकलाय. मी म्हटलं, "मग ते तरी लढा ना." ते म्हणाले, "ताई, इथं एक दिवस बसलो की एक भाडं गेलं. तीन तारखा पडल्या की दंडापेक्षा जास्त गेलं. शनिवारी भरून टाकणार सगळं." मला उत्तर सुचलं नाही. मला सुट्टी मिळते, वाचता येतं, फोटो छापून घ्यायला पैसे आहेत. खरं म्हणजे लढायची गरज त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे. चुकीचं चलन दुरुस्त करून घ्यायला माणसाची रोजी बुडत असेल, तर त्या दुरुस्तीची सोय त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. फोटोतली गाडी आपली नाही, एवढं सांगायला कोर्टापर्यंत यावं लागू नये.

दुपारच्या सुट्टीनंतर माझा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी चलन वाचून दाखवलं आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी "नाही" म्हणाले. आवाज थोडा कापला. शनिवारी तडजोडीला जायचं आहे का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, मला सूट नको, सुनावणी हवी." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फोटो मागितले, एकेक नीट पाहिला. पाटी दिसत नाही तो फोटो पुन्हा वर काढला. मग सरकारी वकिलांना सांगितलं की पुढच्या तारखेला त्या जागेच्या वेगमर्यादेची अधिसूचना, स्पीडगनचं त्या काळातलं प्रमाणपत्र आणि मूळ छायाचित्र हजर करा. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. पण त्या पाच मिनिटांत कुणीतरी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. ॲपच्या एका ओळीच्या उत्तरात ते घडलं नव्हतं.

निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. दंड कायम झाला तर भरेन. अधिसूचना आहे का, यंत्र तपासलेलं होतं का, हे तरी त्यामुळे कागदावर येईल.

येताना एसटी स्टँडवरून बहिणीला फोन केला आणि पाटीची चौकशी केली. ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीला सांगून तो वाढदिवसाचा फ्लेक्स काढायला लावला होता. ती म्हणाली, विधानसभेच्या निकालानंतर अभिनंदनाचा नवा लागलाय, त्याच खांबाला. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, त्याचा हवाला देऊन उद्या ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देणार आहे. पोचपावतीची प्रत १७ जानेवारीच्या तारखेला न्यायालयात ठेवेन. बहिणीला आजचे फोटो पाठवायला सांगितलंय, शाळा सुटण्याच्या वेळेचे.